कुद्रेमुखचा हिशेब

कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोहखनिजाची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २००५ रोजी बंद झाली. या घटनेस आता दोन दशके लोटली आहेत. ही खाण सरकारी मालकीची होती, ती नफ्यात चालत होती, तिच्यात कायम नोकरीतील संघटित कामगार होते आणि तिचा माल देशाला परकीय चलन मिळवून देत होता. म्हणजे सार्वजनिक क्षेत्राकडून आपण सामान्यतः ज्या अपेक्षा बाळगतो, त्यांपैकी बहुतेक ती पूर्ण करीत होती. असे असूनही ती बंद करण्याचा निर्णय योग्यच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत कोणत्या आधारावर बनते आणि त्यातून समाजवादी कार्यकर्त्याने कोणता बोध घ्यावयाचा, याचा विचार येथे करावयाचा आहे. कारण संडूरच्या टेकड्यांपासून सिंधुदुर्गाच्या डोंगरांपर्यंत तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांत आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रश्न डोंगराचा आहे, म्हणून प्रथम डोंगर समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यास सह्याद्री म्हटला की काळा पाषाण आठवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस उसळला, त्याचे थरावर थर पसरले आणि थिजले. आपले किल्ले, आपली लेणी आणि आपले घाट याच थरांत उभे आहेत. परंतु हा काळा पाषाण बेळगाव-गोव्याच्या परिसरात संपतो. तेथून दक्षिणेस डोंगराची रांग तीच राहते, दगड मात्र बदलतो. चिकमगळूर, उडुपी आणि दक्षिण कन्नड या जिल्ह्यांच्या सीमेवर असलेल्या कुद्रेमुखच्या रांगेतील खडक २७० कोटी वर्षांच्या आगेमागे तयार झालेले आहेत. आपल्या काळ्या पाषाणाच्या सुमारे चाळीसपट त्यांचे वय भरते. भूशास्त्रज्ञ त्यांची गणना धारवाडी खडकांत करतात. रांगेतील प्रमुख शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९० मीटर उंच असून, त्याचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो म्हणून कन्नड भाषेत त्यास कुद्रेमुख म्हणतात.

येथील लोहखडकाची घडण पट्ट्यापट्ट्यांची आहे. लोहाच्या ऑक्साइडचा एक काळसर पट्टा आणि गारगोटीचा एक फिकट पट्टा अशी ती रचना एकाआड एक चालू राहते. ज्या काळी हा खडक जमला त्या काळी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्यामुळे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत असे. आद्य सूक्ष्मजीवांच्या क्रियांमुळे आणि पाण्यातील रासायनिक बदलांमुळे ते हळूहळू गंजाच्या रूपाने तळाशी बसत गेले, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे उष्णता आणि दाब यांखाली त्याचे मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजात रूपांतर झाले. तशी हवा आणि तसा समुद्र आता पृथ्वीवर नाही. सबब असा खडक पुन्हा घडणार नाही. जंगल तोडले तर निदान तत्त्वतः ते पुन्हा वाढविता येते, येथे तेवढीही सोय नाही. जे खणून काढले ते माणसाच्या इतिहासापुरते कायमचे गेले, हे गृहीत धरूनच पुढचा विचार केला पाहिजे.

या खडकाच्या बाबतीत दुसरी गोष्टही तितक्याच महत्त्वाची आहे. कुद्रेमुखच्या माथ्यावर वर्षाकाठी ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. युगानुयुगे या पावसाने वरचा कठीण खडक पोखरला, मऊ केला आणि त्याचा मुरूम बनविला. या मुरमाचा जाड थर, त्यावरील माती, माथ्यावरची गवताळ कुरणे आणि घळींतून दाटलेली सदाहरित वने, ज्यांना दक्षिणेत शोला म्हणतात, हे सर्व मिळून पाणी धरून ठेवणारे एक प्रचंड कोठार बनते. पाऊस चार महिन्यांचा असला तरी ओढे बारमाही वाहतात ते या कोठारामुळे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या याच परिसरात उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेस मंगळूरकडे जाते. तुंगा आणि भद्रा पूर्वेस वाहत जाऊन शिमोग्याजवळ एकत्र येतात आणि तुंगभद्रा या नावाने कृष्णेस मिळतात. भद्रेच्या जलाशयावर शिमोगा आणि दावणगेरे या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे भातपीक अवलंबून असते.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. ज्या मऊ झालेल्या थरामुळे डोंगर पाणी धरतो, तोच थर खाणवाल्यास सर्वांत सोयीचा असतो, कारण तो सहज खणता येतो. खालचा मूळ खडक अत्यंत कठीण असतो आणि तो दळण्याचा खर्च फार येतो. त्यामुळे कुद्रेमुखच्या खाणीने प्रामुख्याने हा वरचा, पावसाने मऊ केलेला थरच उचलला. म्हणजे लोह आणि पाणी या दोन संपत्ती वेगवेगळ्या ठिकाणी नव्हत्या. एकाच थरात त्या दोन्ही होत्या, आणि एक काढून घ्यावयाची तर दुसरी सोडावी लागणार होती. निवड खरोखर एवढीच होती. ती लोकांसमोर या स्वरूपात कधीही मांडली गेली नाही.

ती का मांडली गेली नाही, हे प्रकल्पाच्या इतिहासावरून कळते. येथील लोहसाठ्याकडे म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातील संपत अय्यंगार यांनी १९१३ मध्येच लक्ष वेधले होते. परंतु खनिजाची प्रत हलकी होती. बैलाडिला किंवा बळ्ळारी येथील उत्तम खनिजात लोहाचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असते, येथे ते जेमतेम ३८ टक्के. देशातील पोलाद कारखान्यांना त्याची गरज नव्हती. १९६९ मध्ये तीस वर्षांचा खाणपट्टा देण्यात आला, तरी प्रकल्प प्रत्यक्षात येण्यास परदेशी गिऱ्हाईक मिळावे लागले. ते इराणच्या शहाच्या रूपाने मिळाले. नोव्हेंबर १९७५ मध्ये भारत आणि इराण यांच्यात करार झाला. इराणने सुमारे ६३ कोटी डॉलर कर्ज द्यावयाचे आणि भारताने वीसएक वर्षांत १५ कोटी टन समृद्ध लोहचूर्ण इराणला पाठवावयाचे, असे ठरले. एप्रिल १९७६ मध्ये त्यासाठी केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली.

या तारखा कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवाव्यात. नोव्हेंबर १९७५ म्हणजे आणीबाणीचा काळ. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते आणि संसद नावापुरती उरली होती. तीन नद्यांच्या उगमावरील डोंगर परक्या राष्ट्राच्या पोलादासाठी फोडावयाचा की नाही, हा प्रश्न अशा वेळी निकालात काढला गेला की जेव्हा त्यावर प्रश्न विचारणेच शक्य नव्हते. वनसंवर्धनाचा कायदाही त्या वेळी अस्तित्वात नव्हता, तो १९८० मध्ये आला. पुढे १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, शहा परागंदा झाला आणि नव्या राजवटीने हा करार पुढे चालविला नाही. कर्जाचा काही भागच हाती आला होता. १९८० मध्ये प्रकल्प तयार झाला तेव्हा ज्याच्यासाठी तो बांधला ते गिऱ्हाईक नाहीसे झालेले होते. यंत्रसामग्रीत पैसा गुंतलेला असल्यामुळे नवी गिऱ्हाइके शोधणे भाग पडले आणि डोंगर फोडण्याचे काम चालू राहिले. निर्यातीवर आधारलेले नियोजन म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

प्रकल्पाची घडणच अशी होती की थोडे घेऊन पुष्कळ टाकावे लागे. खडक फोडावयाचा, दळून त्याचे पीठ करावयाचे, गुरुत्वाच्या आणि चुंबकाच्या साहाय्याने लोहाचे कण वेगळे काढावयाचे, ते पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून घाट उतरून मंगळूर बंदरावर न्यावयाचे, असा तो क्रम होता. वर्षाला ७५ लाख टन लोहचूर्ण काढण्याची योजना होती. ढोबळमानाने तीन टन दगड दळावा तेव्हा एक टन लोहचूर्ण मिळे. उरलेल्या दोन टनांचा बारीक गाळ साठविण्यासाठी भद्रेस मिळणाऱ्या लक्या या ओढ्यावर सुमारे १०० मीटर उंचीचा बांध घालावा लागला. देशाबाहेर गेले ते लोह, आणि देशात राहिला तो गाळ. तो गाळ आजही तेथेच आहे. दर पावसाळ्यात त्या बांधावर नजर ठेवण्याचे काम पुढील पिढ्यांकडे आपोआप वारशाने गेले आहे, आणि त्याचा खर्च लोहचूर्णाच्या विक्रीच्या किमतीत कधी धरला गेला नव्हता.

येथे अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न उपस्थित होतो. कंपनी नफ्यात होती, असे सांगितले जाते आणि ताळेबंदाच्या दृष्टीने ते खरे आहे. पण खाणीचा नफा म्हणजे काय? शेतकऱ्याने पीक विकले तर जमीन त्याच्याकडे राहते. कारखानदाराने कापड विकले तर माग राहतो, आणि मागाची झीज तो खर्चात धरतो. खाणीने खनिज विकले म्हणजे मात्र तिने आपले भांडवलच विकलेले असते. त्या विक्रीतून खर्च वजा जाता जे उरते, त्याचा मोठा भाग उत्पन्न म्हणून धरताच येत नाही. ते भांडवलाचे रूपांतर आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रचलित हिशेब या रकमेस सरळ उत्पन्न समजतात आणि साठ्याची घट कोठेही वजा करीत नाहीत. घरातील भांडी मोडून घर चालविणाऱ्या माणसास आपण श्रीमंत म्हणत नाही. राष्ट्राच्या बाबतीत मात्र त्यालाच विकासाचा दर म्हणतो.

गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था असा भेद केला होता. लोह, कोळसा, तेल हे साठे आहेत. वापरले की कमी होतात, आणि म्हणून त्यांच्यावरून भांडणे आणि युद्धे होतात. नदी, वन, शेती हे प्रवाह आहेत. त्यांच्या मर्यादेत राहिल्यास ते पिढ्यान्‌पिढ्या पुरतात. कुमारप्पांच्या मांडणीकडे आपल्याकडील नियोजनकारांनी भाबडेपणा म्हणून पाहिले. कुद्रेमुखने ती मांडणी व्यवहारात सिद्ध केली. येथे साठा काढून घेण्यासाठी प्रवाह बिघडविला गेला. भद्रेच्या पाण्यातील गाळाची अभ्यासकांनी मोजणी केली, तेव्हा पाणलोट क्षेत्राचा अगदी लहानसा भाग असलेल्या खाणीच्या पट्ट्यातून गाळाचा प्रमाणाबाहेर मोठा हिस्सा येत असल्याचे आढळले. जलाशयात गाळ बसला की त्याची साठवणक्षमता घटते, आणि ती घट पाटाच्या शेवटच्या टोकावरील लहान शेतकऱ्यास प्रथम जाणवते. त्याने खाणीचे भाग विकत घेतले नव्हते, तिच्या नफ्यातील वाटा त्याला मिळाला नव्हता. तोट्यातील वाटा मात्र त्याच्या पाटापर्यंत पोहोचला.

सार्वजनिक मालकीचा अर्थ आपण पुन्हा एकदा तपासून पाहण्याची गरज आहे, ती यामुळे. उत्पादनसाधनांची मालकी समाजाकडे असावी, हे आमचे मूलभूत सूत्र आहे आणि ते आम्ही सोडलेले नाही. परंतु शासनाची मालकी आणि समाजाची मालकी या दोन गोष्टी एकच नव्हेत. शासनाच्या नावावर पट्टा असला, संचालक मंडळावर सचिव बसले आणि लाभांश तिजोरीत गेला, म्हणजे डोंगर समाजाचा झाला असे होत नाही. भद्राकाठच्या शेतकऱ्यास, डोंगरातील आदिवासीस आणि खाणीतील मजुरास निर्णयात स्थान असेल, तरच मालकी सामाजिक झाली असे म्हणता येईल. शिवाय आणखी एक घटक आहे, ज्याला मतदानाचा हक्क नाही. तो म्हणजे पुढील पिढी. एखादा संपूर्ण समाजदेखील भूमीचा मालक नसतो, तो केवळ तिचा भोगवटादार असून ती सुस्थितीत पुढच्यांच्या हाती सोपविण्यास बांधलेला असतो, हा विचार खुद्द मार्क्सने ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात मांडलेला आहे. समाजवाद्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

कुद्रेमुखच्या निकालाची हकीगतही या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८७ मध्ये सुमारे ६०० चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली. सिंहपुच्छ वानरासारखे दुर्मीळ प्राणी या वनांच्या आश्रयाने राहतात, हे त्यामागील एक कारण होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यानुसार राष्ट्रीय उद्यानात खाणकामास जागा नाही. तरीही खाण चालू राहिली. जुलै १९९९ मध्ये पट्ट्याची मुदत संपली, त्यानंतर तात्पुरत्या परवानग्यांवर काम चालले आणि कंपनीने आणखी वीस वर्षांची मागणी केली. २००१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा खाणपट्ट्यातील मोठे क्षेत्र उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवण्यात आले. अखेर ३० ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आधीच फोडलेल्या क्षेत्रातील मऊ खनिज २००५ अखेरपर्यंत काढावे आणि त्यानंतर खाण बंद करावी.

या घटनाक्रमातील विषमता नजरेआड करता येत नाही. उद्यानाची हद्द खाणीसाठी वाकली. त्याच हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मलेकुडियांसारख्या आदिवासींसाठी आणि लहान शेतकऱ्यांसाठी मात्र ती वाकली नाही. त्यांच्यापुढे पुनर्वसनाचे कागद ठेवण्यात आले आणि त्यांना विस्थापनाची भीती घेऊन जगावे लागले. या लोकांनी उद्यानास विरोध केला, तेव्हा त्यांना पर्यावरणाचे शत्रू ठरविले गेले. पुढे या भागात नक्षलवादी हालचाली आणि पोलिसांच्या चकमकी सुरू झाल्या. ज्यांनी कोट्यवधी टन दगड फोडला ते सन्माननीय उद्योग ठरले आणि ज्यांनी चार गुंठे भात लावला ते अतिक्रमक ठरले, अशी न्यायाची व्यवस्था जेथे असते तेथे बंदुकीची भाषा बोलणाऱ्यांना श्रोते मिळतात, यात आश्चर्य नाही. त्या मार्गाचे आम्ही समर्थन करीत नाही. पण त्याची कारणे कोठे निर्माण होतात, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांचे हक्क मान्य केले. त्या कायद्याची प्रामाणिक अंमलबजावणी ही संरक्षणाच्या विरोधातील गोष्ट नसून संरक्षणाची पहिली अट आहे.

आमच्या भूमिकेवर दोन आक्षेप येतील, त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप उजव्या बाजूचा. सरकारी खाणीने एवढे नुकसान केले, मग खाणी खाजगी मालकांकडे द्याव्यात, असे म्हटले जाईल. त्याचे उत्तर बळ्ळारीने दिलेले आहे. तेथील खाणपट्टे बहुतांशी खाजगी हातांत होते. कर्नाटकाच्या लोकायुक्तांचा जुलै २०११ चा अहवाल वाचावा. पट्ट्याबाहेरील खणणे, परवान्याविना वाहतूक, अधिकाऱ्यांना हप्ते आणि खाणीच्या पैशावर उभे राहिलेले राजकारण यांचे ते चित्र आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयास तेथील खाणकाम थांबवावे लागले. गोव्याची कथा वेगळी नाही. गोव्याचे लोहखनिजही याच धारवाडी खडकांच्या कुळातील आहे आणि तेथेही मूठभर कुटुंबांनी पोर्तुगीज काळापासून त्यावर हक्क सांगितला. कुद्रेमुखची कंपनी निदान संसदेस जबाबदार होती आणि न्यायालयाचा आदेश होताच ठरल्या दिवशी थांबली. तेव्हा खाजगीकरण हा उपाय नसून रोगाची पुढची पायरी आहे. प्रश्न सार्वजनिक मालकी सोडण्याचा नाही, ती खरोखर सार्वजनिक करण्याचा आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातील आहे आणि तो अधिक गंभीर आहे. खाण बंद झाली तेव्हा तिच्याभोवती वसलेले गाव ओस पडू लागले. कायम कामगारांना काही ना काही सोय मिळाली. कंत्राटी मजूर, टपरीवाले, गाडीवान यांना विचारणारे कोणी नव्हते. ज्या पक्षाचा पाया कामगार चळवळीत आहे, त्याने खाणबंदीचे समर्थन कसे करावे, असा प्रश्न कामगार संघटनेतील मित्र विचारतील. त्यांना आमचे सांगणे असे की खाण ही जन्मतःच मरणाधीन असते. तिचा शेवट केव्हा होणार, हे पहिला सुरुंग लावण्याआधीच अंदाजाने ठाऊक असते. कुद्रेमुखचा पट्टा तीस वर्षांचाच होता. त्या तीस वर्षांत प्रत्येक टनामागे काही रक्कम कामगारांच्या पुढील उपजीविकेसाठी बाजूला काढली असती, त्यांच्या मुलांना दुसऱ्या व्यवसायाचे शिक्षण दिले असते, डोंगर पुन्हा सावरण्याचे काम त्याच मजुरांच्या हाती सोपविले असते, तर २००५ चा डिसेंबर त्यांच्यावर वीज कोसळावी तसा कोसळला नसता. कामगाराचा खरा शत्रू नदी नव्हे. त्याला डोंगर संपेपर्यंत वापरून घेणारे आणि संपल्यावर विसरणारे नियोजन हा त्याचा शत्रू आहे.

हा इतिहास आता उगाळण्याचे कारण म्हणजे तो संपलेला नाही. याच कंपनीस बळ्ळारी जिल्ह्यात संडूरजवळ देवदरी येथे सुमारे ४०० हेक्टर वनजमिनीवर नवी खाण हवी आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्र्यांनी त्या प्रकल्पास चालना दिली, तेव्हा कुद्रेमुखमधील जुन्या अटींची पूर्तता झालेली नाही हे कारण दाखवून कर्नाटकाच्या वनमंत्र्यांनी जमीन सोपवू नये असा आदेश दिला. एक डोंगर पूर्ववत करण्याची जबाबदारी पुरी न करता दुसरा डोंगर मागावयाचा, ही रीत कोणत्याही मालकीखाली मान्य होता कामा नये.

आपल्याकडे पाहावे तर धारवाडी खडकांची ही पट्टी गोव्यातून सिंधुदुर्गात आलेली आहे. रेडीच्या खाणी तिच्यातल्याच. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीत साचलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले आणि चिखल लोकांच्या बागायतीत व घरांत शिरला. त्याहून उत्तरेस, कोल्हापूर जिल्ह्यात, काळ्या पाषाणाच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सडे आहेत आणि त्यांत बॉक्साइट आहे. तेथेही खडक वेगळा असला तरी न्याय तोच लागू पडतो. पावसाने युगानुयुगे बनविलेला वरचा थर खनिजही धरतो आणि पाणीही. सड्याखालच्या वाडीतील झरा मार्चपर्यंत टिकतो तो त्याच थरामुळे. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून रखडत आला. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने त्यासंबंधीचा सहावा मसुदा प्रसिद्ध केला. गाडगीळ समितीने निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. तोच भाग सर्वांत आधी बाजूस सारला गेला, हे विसरता येत नाही.

या पार्श्वभूमीवर पक्षाने पुढील मागण्या निःसंदिग्धपणे मांडाव्यात असे आम्हास वाटते. नद्यांच्या उगमावरील डोंगरांत, मालक कोणीही असो, नवी खाण नको. अन्यत्र जेथे खाण आवश्यक असेल तेथे परवान्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि त्या ग्रामसभांत केवळ खाणीच्या जागेची नव्हे तर नदीच्या खालच्या अंगाची गावेही असावीत. खनिज ही विक्रीची वस्तू नसून भांडवल आहे असे मानून त्याच्या किमतीचा ठरावीक हिस्सा कायम निधीत ठेवावा. गोव्याच्या खाणींसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात विक्रीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम अशा निधीत टाकण्याचा आदेश आहे, तो सर्व राज्यांत आणि वाढीव प्रमाणात लागू व्हावा. २०१५ पासून निघालेली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने खाणग्रस्तांच्या आजच्या गरजांसाठी आहेत, पुढील पिढीच्या ठेवीची जागा ती घेऊ शकत नाहीत. खाण उघडण्याच्या करारातच ती बंद करण्याचा आराखडा, कंत्राटी मजुरांसह सर्व कामगारांच्या पुढील उपजीविकेची तरतूद आणि डोंगर सावरण्याची अनामत असली पाहिजे. आणि ज्या वनात माणसे राहतात तेथे त्यांचे हक्क नोंदविल्याखेरीज उद्यानाची हद्द आखली जाऊ नये.

मागण्या कागदावर मांडून भागत नाही. कुद्रेमुखचा निर्णय न्यायालयात झाला, कारण तो लोकांच्या सभेत होऊ शकला नाही. न्यायालयाचा निकाल खाण थांबवू शकतो. पण शेतकरी, आदिवासी आणि कामगार यांना एका बैठकीत बसविण्याचे काम त्याला करता येत नाही, ते पक्षाचे काम आहे. त्यासाठी आपल्या कार्यकर्त्यास सात-बारा वाचता येतो तसा तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशाही वाचता आला पाहिजे. आपल्या डोंगरात कोणता खडक आहे, त्यात कोणते खनिज आहे, कोणत्या ओढ्याचे पाणी त्यातून येते आणि ते कोणाच्या शेतात जाते, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक तालुका शाखेच्या दप्तरी असावीत. येत्या वर्षाच्या अभ्यासवर्गांत हा विषय घ्यावा आणि सिंधुदुर्ग व कोल्हापूर जिल्ह्यांतील शाखांनी त्याचा आरंभ करावा. खाणीचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कचेरीत येतो तेव्हा कंपनीजवळ सर्व नकाशे तयार असतात. जनसुनावणीच्या दिवशी गावाजवळही ते असले पाहिजेत.